सामायिक रिमोट सर्व्हरवर आपले व्यावसायिक सॉफ्टवेअर चालेल का, हे कसे तपासावे

कारखाना अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, दुकान चाटी गल्लीत आणि हिशेब लिहिणारे कारकून तिसऱ्याच ठिकाणी, अशी मांडणी सोलापुरातील चादर-टॉवेलच्या आणि गणवेशाच्या धंद्यात नवीन नाही. अशा मालकांना आता सगळे सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर ठेवून सर्वांनी दुरून त्यावर काम करावे, असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. तीन ठिकाणी तीन प्रती राहत नाहीत, रोजचा बॅकअप एकाच जागी होतो आणि दुकानातली वीज गेली तरी अर्धवट भरलेली नोंद सर्व्हरवरच्या सेशनमध्ये तशीच थांबून राहते. मात्र सर्व्हर भाड्याने देणारा 'तुमचे सॉफ्टवेअर आमच्याकडे चालते' असे सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने ते इन्स्टॉल करून अ‍ॅडमिनच्या लॉगिनमधून एकदा उघडून पाहिलेले असते, एवढाच त्याचा अर्थ असतो. मालकाला हवे असलेले उत्तर वेगळे आहे: कोणतेही जादा अधिकार नसलेले दोन साधे यूजर एकाच वेळी, दिवसभराचे संपूर्ण काम त्या सर्व्हरवर करू शकतात का? पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नासाठी आहे.

येथे सर्व्हर म्हणजे विंडोज सर्व्हर, आणि त्यावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस ही सोय चालू केलेली, असे धरले आहे. प्रत्येकाला स्वतःचा पडदा, स्वतःचे डेस्कटॉप आणि स्वतःचे सेशन मिळते. पण सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमच्या फाइली, मेमरी आणि नेटवर्कचा पत्ता हे सगळे मिळून एकच असते. लहान उद्योगांसाठी लिहिलेली बरीचशी सॉफ्टवेअर 'एक संगणक, एक माणूस' हे गृहीत धरून लिहिलेली आहेत, आणि सामायिक सर्व्हरवरच्या जवळजवळ सर्व अडचणी या गृहीतकातून निघतात.

आधी कागदावर

पहिले काम यादी करण्याचे. मालकाला विचारले तर 'आमच्याकडे टॅली आहे आणि एक बिलाचे सॉफ्टवेअर आहे' असे उत्तर येते. पण कारकुनाच्या शेजारी एक पूर्ण दिवस बसले की खरी यादी दिसते. विणकरांच्या मजुरीचा हिशेब, पॅकिंगच्या डब्यांवरचे बारकोड लेबल, सुताच्या गाठींचे वजन घेणारा काटा, जीएसटी पोर्टलवरची डिजिटल सही, बँकेसाठी एक्सेलमध्ये काढलेला तक्ता, मराठी टायपिंगचे पॅकेज, असे कितीतरी त्यात निघते. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कोण वापरतो, किती जण एकाच वेळी वापरतात आणि तिला कोणते यंत्र जोडलेले आहे, हे लिहावे. मुख्य सॉफ्टवेअर सहसा चालते. अडते ते त्याला लटकलेल्या या लहान गोष्टींपाशी.

त्यानंतर लायसन्स पाहावे, आणि तेही तांत्रिक चाचणीच्या आधीच, कारण येथे उत्तर 'नाही' आले तर पुढचे श्रम वाचतात. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची सोय चालू केलेली नसेल, तर देखभालीसाठी म्हणून फक्त दोन रिमोट सेशन मिळतात. ती चालू केल्यावर प्रत्येक यूजरसाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी वेगळे लायसन्स घ्यावे लागते, ज्याला या क्षेत्रात कॅल म्हणतात. कॅल नसले तरी पहिले १२० दिवस सर्व काही सुरळीत चालते. म्हणून चाचणी यशस्वी होते, पैसे दिले जातात, आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. दरपत्रकात कॅलची संख्या वेगळी लिहून मागावी. साध्या विंडोज १० किंवा ११ मध्ये फेरफार करून त्यावर अनेक सेशन उघडून देणारे स्वस्त प्रस्तावही फिरत असतात. ते लायसन्सच्या अटींचे उल्लंघन आहे आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर ते बंदही पडते, तेव्हा त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

मग सॉफ्टवेअरचे स्वतःचे लायसन्स. टॅलीप्राइममध्ये सिल्व्हर ही एका यूजरची आणि गोल्ड ही अनेक यूजरची आवृत्ती आहे; सर्व्हरवर अनेकांनी काम करायचे तर विक्रेत्याशी बोलणे गोल्डपासूनच सुरू करावे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची एका संगणकासाठी घेतलेली साधी प्रत अशा सर्व्हरवर चालत नाही. त्यासाठी व्हॉल्यूम लायसन्स (अनेक प्रतींसाठी एकत्र घेतलेले) किंवा सामायिक संगणकावर वापरण्याची मुभा असलेली मायक्रोसॉफ्ट ३६५ ची योजना लागते. हा मुद्दा सहज निसटतो, कारण 'आम्हाला ऑफिस नकोच' असे म्हणणाऱ्याचे बिलाचे सॉफ्टवेअर अहवाल काढताना पडद्याआडून एक्सेलच उघडत असते. यूएसबी डोंगलवर (लायसन्सची किल्ली म्हणून लावायच्या लहान उपकरणावर) चालणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काही रिमोट सेशन ओळखून मुद्दामच सुरू होत नाहीत. अशा प्रत्येक विक्रेत्याला 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर, इतक्या यूजरसाठी वापरण्याची परवानगी आहे का' असा नेमका प्रश्न ईमेलने विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. फोनवरचे 'चालतंय की' येथे उपयोगाचे नाही.

जुन्या सॉफ्टवेअरबाबत आणखी एक गोष्ट कागदावरच कळते. डॉसवर चालणारे, फॉक्सप्रोच्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि २००८ आर २ या आवृत्तीपासून विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिटमध्येच येतो. ३२ बिटचे प्रोग्रॅम मात्र चालतात.

व्यवसाय कंपनी कायद्याखाली नोंदलेला असेल, तर सर्व्हर कोठे आहे हेही विचारावे. हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपनीने त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवला पाहिजे, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत आली आहे.

चाचणीची मांडणी

चाचणीसाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोफत देते, आणि कॅलची १२० दिवसांची सवलत तिला लागू पडते. कार्यालयातल्या एखाद्या बऱ्या संगणकावर ती बसवता येते. सर्व्हर भाड्यानेच घ्यायचा असेल, तर पुरवठादाराकडून काही दिवस चाचणीसाठी मागून घ्यावा. पुढे प्रत्यक्ष वापरायची सर्व्हरची आवृत्ती आणि चाचणीची आवृत्ती एकच असावी. डेटा म्हणून चालू वर्षाची प्रत वापरावी, मूळ डेटाला हात लावू नये.

सर्व्हरवर एक अ‍ॅडमिन आणि दोन साधे यूजर तयार करावेत. समजा त्यांची नावे दुकान आणि गोदाम. या दोघांना फक्त रिमोट डेस्कटॉप यूजर्स या गटात ठेवावे, दुसऱ्या कोणत्याही गटात नाही. सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनने इन्स्टॉल करावे, पण त्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'चेंज यूजर' ही कमांड तिरकी रेघ आणि 'इन्स्टॉल' हा शब्द जोडून द्यावी. त्यामुळे सर्व्हर इन्स्टॉलेशनच्या अवस्थेत जातो आणि प्रोग्रॅमने यूजरपुरत्या म्हणून केलेल्या नोंदी पुढे प्रत्येक यूजरला मिळतील अशा टिपून ठेवतो. काम झाल्यावर त्याच कमांडला 'एक्झिक्यूट' जोडून सर्व्हर पूर्वपदावर आणावा. इन्स्टॉल होताना 'सर्व यूजरसाठी' असा पर्याय आला तर तोच निवडावा. काही प्रोग्रॅम हा पर्याय न देता थेट अ‍ॅडमिनच्या खासगी फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि दुकान यूजरला त्यांचा शॉर्टकटही दिसत नाही. अशा प्रोग्रॅमच्या निर्मात्याकडे सर्व्हरसाठीचा वेगळा इन्स्टॉलर आहे का, हे विचारावे.

दोन साधे यूजर, एकाच वेळी

आता दोन वेगळ्या संगणकांवरून दुकान आणि गोदाम म्हणून लॉगिन करावे आणि दोन्हीकडे तेच सॉफ्टवेअर उघडावे. दुसऱ्या सेशनमध्ये 'प्रोग्रॅम आधीच चालू आहे' असा संदेश आला, तर त्या प्रोग्रॅमने आपण चालू असल्याची खूण सेशनपुरती न ठेवता संपूर्ण सर्व्हरभर लावलेली आहे, असे समजावे. हे बाहेरून दुरुस्त करता येत नाही. निर्मात्यानेच बदल करायला हवा. काही प्रोग्रॅम पडद्याआड एखादी लहान सेवा ठरावीक पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यावरच्या एका क्रमांकाच्या दारावर, उघडतात. सर्व्हरचा पत्ता सगळ्यांचा एकच असल्याने पहिल्या यूजरला ते पोर्ट मिळते आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम एक तर उघडत नाही, नाही तर चुकून पहिल्याच्या सेवेशी जोडला जातो.

प्रोग्रॅम दोन्हीकडे उघडला म्हणून समाधान मानू नये, कारण सर्वांत घातक दोष उघडल्यानंतर आणि अगदी शांतपणे होतो. जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम आपला डेटा बऱ्याचदा प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहितात. साध्या यूजरला तेथे लिहिण्याचा अधिकार नसतो. पण विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमला चूक दाखवण्याऐवजी त्याची फाइल गुपचूप त्या यूजरच्या खासगी व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरकडे वळवते. प्रोग्रॅमला वाटते, फाइल मूळ जागी लिहिली गेली. प्रत्यक्षात दुकानाचा डेटा दुकानापाशी आणि गोदामाचा गोदामापाशी साठत राहतो. म्हणून चाचणीत दुकानातून एक बिल काढावे, लगेच गोदामाच्या सेशनमध्ये बिलांची यादी उघडावी आणि ते बिल तेथे दिसते का पाहावे. मग गोदामातून पुढचे बिल काढावे. दोघांनाही तोच क्रमांक मिळाला तर हाच प्रकार चालू आहे. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, तेव्हा ही गोष्ट महिन्याने विवरणपत्र भरताना कळण्यापेक्षा चाचणीत कळलेली परवडते. उपाय साधा आहे: डेटाचे फोल्डर प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर न्यावे, त्यावर दोन्ही यूजरना लिहिण्याचा अधिकार द्यावा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो मार्ग भरावा. सेटिंगमध्ये मार्ग बदलण्याची सोयच नसेल, तर त्या एका फोल्डरपुरता अधिकार वाढवता येतो. 'सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाका' हा सर्रास दिला जाणारा तोडगा मात्र स्वीकारू नये. सामायिक सर्व्हरवर एका अ‍ॅडमिनने उघडलेली एक वाईट फाइल सर्वांचा डेटा घेऊन जाते.

एखादी खिडकी उघडतच नसेल किंवा 'एरर' एवढाच शब्द दाखवून बंद पडत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन वापरावे. अ‍ॅडमिनने ते चालू करून फिल्टरमध्ये त्या प्रोग्रॅमचे नाव आणि निकाल 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असे भरावे, आणि मग साध्या यूजरला तीच खिडकी पुन्हा उघडायला सांगावे. नेमकी कोणती फाइल किंवा रजिस्ट्रीतली (विंडोज जेथे सेटिंग साठवते तेथली) कोणती नोंद नाकारली गेली, ते ओळीने दिसते. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला पाठवण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

तारखेची चाचणी वेगळी करावी. नव्या यूजरला सर्व्हर बहुधा अमेरिकी पद्धतीची, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर अशी तारीख देतो, आणि व्हिज्युअल बेसिकमधली जुनी सॉफ्टवेअर यूजरच्या त्या सेटिंगवर अवलंबून असतात. चाचणीसाठी २५ तारीख घेतली तर काहीच कळणार नाही, कारण २५ वा महिना नसल्याने ती तारीख बहुतेकदा बरोबरच वाचली जाते. ५ एप्रिलची नोंद करावी, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे आणि ती ४ मे तर झाली नाही ना, हे पाहावे. अ‍ॅडमिनने भारतीय सेटिंग करून ते नव्या यूजरनाही लागू होईल असे कंट्रोल पॅनलमधल्या रीजनच्या खिडकीतून एकदाच करून ठेवले, की पुढचा त्रास वाचतो.

मराठीतली मजुरीची पत्रके जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये निघत असतील, तर तो फॉन्ट आणि त्याचे टायपिंगचे पॅकेज सर्व्हरवर बसवून दोन्ही सेशनमध्ये एकाच वेळी टायप करून पाहावे. कळफलकावर स्वतः ताबा घेणारी ही पॅकेजे रिमोट सेशनमध्ये हमखास अडखळतात. युनिकोडची अडचण फारशी येत नाही.

राहिल्या त्या बारीक गोष्टी. डेटाबेसची जोडणी ओडीबीसीतून (विंडोजमधल्या डेटाबेस जोडण्याच्या सोयीतून) होत असेल, तर ती 'यूजर' सदरात न ठेवता 'सिस्टिम' सदरात ठेवावी, आणि ३२ बिटच्या सॉफ्टवेअरसाठी ३२ बिटच्याच ओडीबीसीच्या खिडकीतून करावी. सर्व्हर प्रत्येक सेशनला वेगळे टेम्प फोल्डर देतो आणि लॉगऑफ होताच ते पुसतो; एखादे सॉफ्टवेअर आपले सेटिंग किंवा अर्धवट बिल तेथे ठेवत असेल, तर दुसऱ्या दिवशी ते नाहीसे झालेले दिसेल. त्यासाठी चाचणीत मुद्दाम लॉगऑफ करून परत यावे. नुसती खिडकी बंद केली तर सेशन आत चालूच राहते, आणि त्याबरोबर त्या माणसाने अडवलेले सॉफ्टवेअरचे लायसन्सही.

प्रिंटर, काटा आणि सहीचे टोकन

सोलापुरात अशा सर्व्हरविषयीची नाराजी बहुतेक वेळा छपाईवरूनच सुरू होते, म्हणून येथे घाई करू नये. दुकानातला प्रिंटर सेशनमध्ये आपोआप दिसतो खरा, पण त्याच्या नावापुढे कंसात 'रीडायरेक्टेड' हा शब्द आणि सेशनचा क्रमांक जोडलेला असतो. आज तो क्रमांक ३ असेल, उद्या ७. सेटिंगमध्ये प्रिंटरचे पूर्ण नाव साठवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी 'प्रिंटर सापडत नाही' म्हणते. त्यामुळे एकाच दिवशी दहा बिले छापून पाहण्यापेक्षा लॉगऑफ करून, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याने आधी लॉगिन केल्यावर एक बिल छापून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. सॉफ्टवेअरला 'डीफॉल्ट प्रिंटर' वापरायला सांगता येत असेल, तर प्रश्न मिटतो.

चलन आणि गेटपाससाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून पुष्कळ ठिकाणी आहेत, कारण कार्बनच्या तीन प्रती दुसऱ्या कशावर निघत नाहीत. रिमोट सेशनमधली नेहमीची छपाई, जिला ईझी प्रिंट म्हणतात, पानाचे चित्र करून पाठवते. त्यामुळे या प्रिंटरवर अक्षरे प्रिंटरच्या स्वतःच्या वळणात न येता ठिपक्यांच्या चित्रासारखी, सावकाश उमटतात, आणि अर्ध्या पानाचा कागद दोन-तीन प्रतींनंतर सरकू लागतो. अशा वेळी त्याच प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवावा आणि ईझी प्रिंटला पहिली पसंती देणारी पॉलिसी बंद करावी. मग सलग वीस चलने छापून शेवटच्या चलनावरची ओळ छापील रकान्यात बसते का, हे डोळ्यांनी पाहावे. बारकोड लेबलच्या प्रिंटरलाही हेच लागू आहे. त्याला चित्र नको असते, कमांड हव्या असतात. लेबल छापून झाले की ते स्कॅनरने वाचून पाहावे, कारण डोळ्यांना ठीक दिसणाऱ्या रेघा स्कॅनरला वाचता येतीलच असे नाही. कळफलकासारखा चालणारा साधा स्कॅनर मात्र काहीही न करता चालतो. वजनकाटा सीरियल पोर्टवर असेल, तर रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये पोर्ट्सची खूण करून वजनाचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये येतो का आणि किती उशिराने येतो, हे गाठ प्रत्यक्ष काट्यावर ठेवून पाहावे.

डिजिटल सहीच्या टोकनाविषयी, म्हणजे सही साठवलेल्या यूएसबी उपकरणाविषयी, गैरसमज फार आहेत. सर्व्हर आपल्याच कार्यालयात असला आणि टोकन त्याच्याच यूएसबीत लावले, तरी रिमोट सेशनमध्ये बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, कारण विंडोज टोकनाला स्मार्ट कार्डच मानते आणि सेशनमधली स्मार्ट कार्डची विचारणा समोरच्या संगणकाकडे वळवली जाते. टोकन आपल्या पुढ्यातल्या संगणकाला लावून, रिमोट डेस्कटॉपमध्ये स्मार्ट कार्डाची खूण करून आणि टोकनाचा ड्रायव्हर दोन्हीकडे बसवून पाहावे; काही टोकने चालतात, काही चालत नाहीत. जीएसटी पोर्टलवर सही करणारे एमसाइनर तर संगणकाच्या स्वतःच्या १५८५ या पोर्टवर चालते, म्हणजे दोन कारकुनांनी दोन सेशनमध्ये ते एकाच वेळी सुरू केले की वर सांगितलेला पोर्टचा तंटा उभा राहतो. माझे मत असे की सही सर्व्हरवर नेण्याचा खटाटोपच करू नये. विवरणपत्राची फाइल सर्व्हरवर तयार करावी, आपल्या संगणकावर उतरवावी आणि पोर्टल तेथल्याच ब्राउझरमध्ये उघडून सही करावी. एकमालकी किंवा भागीदारीतल्या फर्मला ओटीपीनेही काम भागवता येते. डिजिटल सहीची सक्ती कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) आहे.

भार आणि लाइन

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. टास्क मॅनेजरच्या यूजर्स या सदरात प्रत्येक सेशन किती मेमरी खाते ते दिसते. दोघे पूर्ण काम करत असतानाचा आकडा घेऊन प्रत्यक्ष माणसांच्या संख्येने गुणावे आणि वर थोडी शिल्लक धरावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरपेक्षा ब्राउझर जास्त मेमरी घेतो, हे बहुतेकांना तेव्हाच कळते. मोजमाप आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी, सगळे एकदम अहवाल काढतात त्या वेळी घ्यावे. लाइनची चाचणी कारखान्यातून आणि दुकानातून वेगवेगळी करावी. टायप केलेले अक्षर बोटामागे रेंगाळत असेल, तर कारकून पंधरवड्यात पुन्हा जुन्या संगणकावर जाऊन बसतो. राउटर आणि त्याच्यापुढचा लाइनचा डबा दोन्ही यूपीएसवर आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

निकाल लिहिताना यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे 'चालते', 'अमुक बदल केल्यावर चालते' किंवा 'चालत नाही' यांपैकी एक लिहावे आणि केलेला बदल शब्दशः नोंदवावा, कारण प्रत्यक्ष सर्व्हरवर तेच सगळे पुन्हा करायचे असते. जे चालत नाही त्यासाठी संपूर्ण बेत मोडण्याची गरज नसते. लेबलचा प्रोग्रॅम पॅकिंगच्या संगणकावरच ठेवून त्याला सर्व्हरवरून रोज एक फाइल देता येते, आणि एकाच माणसाच्या उपयोगाचे हट्टी सॉफ्टवेअर त्याच्या स्वतंत्र व्हर्च्युअल मशिनवर (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकावर) हलवता येते. बिलाचे मुख्य सॉफ्टवेअरच दोन यूजरच्या चाचणीत नापास झाले, तर मात्र सर्व्हरचा करार थांबवून आधी त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याशी बोलावे. सगळे पास झाले तरी स्थलांतर मार्चअखेरीस किंवा शाळांच्या गणवेशाच्या हंगामात करू नये, आणि जुना संगणक त्याच्या डेटासह निदान एक विवरणपत्र सर्व्हरवरून भरून होईपर्यंत जागचा हलवू नये.